मागं कोणी नाही

१९९० चा ऑगस्ट. लेनिनग्राडजवळच्या झारांच्या राजवाड्याच्या दारात पद्मिनीबाई वाकून बुटांवर कापडी सपाता चढवत होत्या. नक्षीच्या लाकडी जमिनीवर ओरखडे पडू नयेत म्हणून त्या प्रत्येकालाच घालाव्या लागत. मुंबईहून आलेल्या सहलीतली माणसं घसरत, हसत एकमेकांना सावरत होती.

पद्मिनीबाई आणि त्यांचे यजमान सदानंदराव राहायचे सौदीतल्या दम्मामला. सुटीवर मुंबईत आले आणि तिथून या सहलीला निघाले. कामाच्या तुळसाबाईला त्यांनी घर राखायला दम्मामलाच ठेवलं होतं. कणकवलीला तिच्या लेकीचं पहिलं बाळंतपण होतं.

"बाई, या खेपेस मलापण न्या," ती दोनदा म्हणाली होती. "पुढच्या खेपेस. आल्यावर तुला राजवाड्याचं सांगेन," असं पद्मिनीबाई म्हणाल्या होत्या.

तिचा पासपोर्ट दम्मामच्या कपाटात होता आणि कपाटाची किल्ली पद्मिनीबाईंच्या पर्समध्ये.

सहलीतले निवृत्त पोस्टमास्तर हरिहर ट्रान्झिस्टर कानाला लावूनच फिरत. कुवेत गिळून इराकची फौज सौदीच्या वेशीवर आल्याचं त्यांनीच सकाळी सगळ्यांना सांगितलं होतं.

"जर्मन सैन्य चालून आलं, तेव्हा इथल्या लोकांनी बागेतले पुतळे जमिनीत पुरून ठेवले," गाईड सांगत होती.

"काय सदानंदराव, तुम्ही काय पुरून आलात?" हरिहरांनी विचारलं.

सगळे हसले. सदानंदरावही हसले.

"थट्टा पुरे झाली हो तुमची," असं हरिहरांना दटावत त्यांच्या पत्नी विभाताईंनी पद्मिनीबाईंचा हात धरला. "मागं कोणी नाही ना तुमचं तिथं?"

सदानंदराव मान वर करून छत बघू लागले.

"कोणी नाही," पद्मिनीबाई म्हणाल्या. "घर बंद करून आलोय."

"सुटलात गं बाई! देव पावला."

पुढची दालनं पद्मिनीबाईंना कधीच आठवली नाहीत. आपल्या सपातांचं घसरणं तेवढं ऐकू येत होतं.

मुंबईत पोचल्यावर दम्मामहून खालच्या मजल्यावरच्या यासीनचा फोन आला.

"वहिनी, तुळसामावशी आमच्याकडं आहे. एकटीच रडत बसली होती. कपाट मी फोडलंय, रागावू नका. आता देश सोडायला कफीलची, त्या अरब जामीनदाराची, सही तेवढी मिळवतो."

सही मिळायला दोन महिने गेले. तुळसाबाई घरी पोचली तेव्हा नात पालथी पडू लागली होती.

सदानंदरावांनी दम्मामला आणखी बारा वर्षं नोकरी केली. तो दिवस दोघांनी कधी बोलण्यात आणला नाही. यासीन पुढे राजापूरला परतला आणि आंब्याच्या धंद्यात पडला. हरिहर शेवटपर्यंत सांगत राहिले, "काय नशिबाची माणसं! बरोब्बर वेळेवर निघाली."

तुळसाबाईनं पुन्हा परक्या घरी काम धरलं नाही. बऱ्याच वर्षांनी कणकवलीच्या एका लग्नात ती पद्मिनीबाईंना भेटली. आपल्या हातानं त्यांना खुर्ची ओढून दिली, खुशाली विचारली.

"बाई, त्या राजवाड्याचं सांगायचं राहूनच गेलं तुमचं. कसा होता?"

पद्मिनीबाई मांडीवरच्या अक्षता वेचत राहिल्या.

"मोठा होता," त्या म्हणाल्या.

पुढचं ऐकायला तुळसाबाई जवळ सरकून बसली.