कुलूपवाल्याच्या खिडकीतली लिंबोणी

ग्लाफिरा दुसऱ्यांदा नवरी झाली ती पन्नाशी उलटल्यावर, आणि सासरी आली ती ट्रकच्या मागच्या उघड्या भागात बसून. अंगात नुसता स्वेटर. तिचा लोकरी कोट, दोन शाली आणि एक जुनी रजई गुंडाळलेली लिंबोणी तिच्या गुडघ्यांना टेकून उभी होती. ऑक्टोबर संपत आला होता. ओका नदीवरचा वारा नाकाचा शेंडा कापत होता. ड्रायव्हर दोनदा खाली उतरून म्हणाला, "मावशी, पुढे येऊन बसा." ग्लाफिराने विचारलं, "ही मावेल का पुढे? नाही ना? मग मीही नाही मावत."

दारात सावेली गोर्देयेविच नवा शर्ट घालून उभा होता. शेजारी त्याची थोरली बहीण अंतोनिना, नवरीच्या स्वागताचे पाव आणि मीठ हातात घेऊन. तिने नवरीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"नवरी गारठलीय आणि झाडाला कोट! सावेली, तू नक्की लग्न कुणाशी केलंयस?"

सावेलीला हसू आलं, पण बहिणीच्या धाकाने त्याने ते मिशीत दाबलं आणि कुंडी उतरवायला पुढे झाला. "मी घेते," ग्लाफिरा म्हणाली, आणि खरंच एकटीने ती लाकडी कुंडी उचलून आत नेली.

ओकाकाठच्या पावलोव्हो गावात प्रत्येक घरात लिंबोणी असते, तसं हे घर नव्हतं. सावेली कुलूपवाला होता, तोही साधासुधा नाही. कारखान्यातून घरी आला की तो नखाएवढी कुलपं घडवायचा, चावी फिरवली की खट्कन उघडणारी. त्यासाठी लागायचा उजेड. घराला दक्षिणेची खिडकी एकच, नदीकडची, आणि तिच्यापाशी त्याचं कामाचं टेबल वर्षानुवर्षं पाय रोवून बसलेलं. पहिली बायको होती तेव्हाही तिथेच, ती गेल्यावरही तिथेच.

ग्लाफिराचंही असंच एक वेड होतं. कारखान्याच्या खानावळीत ती स्वयंपाकीण होती, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलाचं लग्न झालं, नातवंडं झाली, घर भरून गेलं, तेव्हा तिने भांडीकुंडी, पलंग, शिवणयंत्र सगळं सुनेला देऊन टाकलं. लिंबोणी मात्र दिली नाही. काडीएवढ्या फांदीपासून तिने ती वाढवली होती. शेंडे वेळच्या वेळी खुडून कमरेएवढीच ठेवली होती, पण घेर असा की दोन हातांच्या कवेत मावू नये. शिळ्या, कोमट पाण्याशिवाय तिला पाणी दिलं नव्हतं. हिवाळ्यात बर्फ वितळवून तेच पाणी. दर रविवारी एकेक पान ओल्या फडक्याने पुसायचं. ही बाई खानावळीत शंभर माणसांना जेवू घालून यायची आणि घरी येऊन पानं पुसायची.

पहिल्या रात्री जेवताना तिने विचारलं, "हिला कुठे ठेवायची?"

"झोपायच्या खोलीत खिडकी आहे की," सावेली म्हणाला.

"ती उत्तरेची आहे."

"दक्षिणेची माझी आहे, ग्लाशा. डोळे चालतात तोवर मला तो उजेड लागणार."

यात खोटं काही नव्हतं. ग्लाफिराने मान डोलावली आणि कुंडी उत्तरेच्या खिडकीत नेली. मागून घेणं तिच्या स्वभावात नव्हतं. एकदा सांगायचं, समोरच्याला कळलं तर कळलं.

नोव्हेंबरात पानं पिवळी पडू लागली. मग गळू लागली. ग्लाफिरा सकाळी उठून ती वेचायची आणि एप्रनच्या खिशात टाकायची, कुणाला दिसू नयेत म्हणून. पण अंतोनिनाच्या नजरेतून काही सुटायचं नाही. ती घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात राहायची, मधे एक सामाईक पडवी, आणि मीठ मागायला, माचिस मागायला, काही नाही तर वेळ विचारायला ती दिवसातून चारदा यायची.

"खिसा फुगलाय तुझा, ग्लाफिरा. सूर्यफुलाच्या बिया का?"

"हो. बिया."

"दे की मग मूठभर."

ग्लाफिराने खिशातून मूठभर पिवळी पानं काढून नणंदेच्या हातावर ठेवली. "घ्या अंतोनिना गोर्देयेव्हना. चावून खा." आणि पीठ मळायला वळली. नणंद काही न मागताच परत गेली. असं फार क्वचित घडायचं.

सावेली टेबलापाशी बसला होता. त्याने भिंगावरून मान वर केली नाही, पण कानस थांबली होती.

दोन दिवसांनी ग्लाफिरा कामावरून परतली तर टेबल अर्धं बाजूला सरकलेलं. दक्षिणेच्या खिडकीत, जाड फळीवर, लिंबोणी उभी. फळीखाली थंडी लागू नये म्हणून सावेलीने स्वतःच्या जुन्या लोकरी बुटाचा तुकडा कापून घातला होता. सहा लिंबं लागलेली भरगच्च बाजू खोलीकडे होती, आल्यागेल्याच्या नजरेत भरेल अशी. तो बाजूला उभा होता, पहिलं कुलूप मास्तरांना दाखवणाऱ्या शिकाऊ पोरासारखा.

ग्लाफिराने पुढे होऊन त्या लोकरी तुकड्यावरून बोट फिरवलं. मग तिचं लक्ष पानांकडे गेलं.

"तुम्ही हिला फिरवलंत?"

रागावली की ती नवऱ्याला अहो-जाहो करते, हे सावेलीला तोवर समजलं होतं. तो सावध झाला. "लिंबं खिडकीकडे होती. दिसत नव्हती. म्हटलं…"

"सावेली गोर्देयेविच, लिंबोणीला फिरवत नाहीत! तिने एकेक पान उजेडाकडे तोंड करून लावलेलं असतं. तुम्ही उजेड तिच्या पाठीला नेऊन ठेवलात. आता असतील नसतील ती सगळी पानं ती टाकेल."

"परत फिरवतो."

"हात लावू नका! पुन्हा फिरवलीत तर मरेलच."

तिचं म्हणणं खरं ठरलं. आठवडाभरात खोलीकडची बाजू उघडी पडली. दोन लिंबंही गळाली, हिरवी, अक्रोडाएवढी. अंतोनिना पडवीतून डोकावली आणि म्हणाली, "आमच्या घरात झाडं टिकत नाहीत. माणसं टिकतात, तीही कशीबशी." ग्लाफिरा बाथरूममध्ये नळ सोडून रडली आणि तोंड धुऊन बाहेर आली.

जेवणं झाल्यावर सावेलीने हळूच विचारलं, "अजिबातच फिरवायची नसते का?"

"फिरवतात. चांगल्या हातांनी. पण एवढंसंच." तिने अंगठ्याचं नख दाखवलं. "आठ-दहा दिवसांनी परत एवढंसं. तिला कळूही द्यायचं नाही."

"एवढंसं म्हणजे किती?"

"एवढंसं म्हणजे एवढंसं! हाताला कळतं."

"माझ्या हाताला नाही कळलं," सावेली म्हणाला. तो रुसून बोलला नव्हता. पण त्या रात्रीनंतर तो फारसं बोलेनासा झाला. कारखान्यातून यायचा, चहा प्यायचा आणि टेबलाशी बसायचा. कानशीचा आवाज झोपेपर्यंत चालू. ग्लाफिराने एकदा पाहिलं, तर त्याने काम फडक्याने झाकलं. खिडकीच्या अर्ध्या उजेडात तो वाकून, डोळे बारीक करून घासत होता. तिला वाटलं, आपण याचा उजेड घेतला, याची बहीण आपल्याला टोमणे मारते, आणि आपण त्याच्यावर ओरडलो. पण तिने नुसता चहाचा कप त्याच्या कोपरापाशी सरकवला. दोघंही तसलीच.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी तो टेबलावरून उठला आणि म्हणाला, "ग्लाशा, झाड उचल."

ग्लाफिराने पानं पुसायचं फडकं खाली ठेवलं. मग तिने पाठ ताठ केली.

"बरं. कुठे ठेवू? पडवीत?"

"पडवीत कशाला? मरेल ना ती. क्षणभर उचलून धर. मी मदत करतो."

"नको. माझी आहे ती, मी उचलते." आणि तिने कुंडी छातीशी धरून उचलली. दंडाच्या शिरा फुगल्या, पण चेहरा हलला नाही. सावेलीने फडक्यातून एक वस्तू काढून फळीवर ठेवली आणि म्हणाला, "आता ठेव. सावकाश. तोंड होतं तसंच."

लोखंडी चकती होती, ताटाएवढी, तीन पायांवर बसलेली. कडेला बारीक दाते, इतके बारीक आणि सारखे की बोट फिरवलं तर रेशमासारखं लागावं. शेजारी खटका. सावेलीने कड अलगद रेटली. टक्. कुंडी फिरली की नाही हे डोळ्यांना दिसलंही नाही.

"तुझं नख मोजलं होतं मी," तो म्हणाला, "तू झोपली होतीस तेव्हा. एक दाता म्हणजे एक नख. एकाच बाजूला फिरते, उलटी जात नाही. आणि हे बघ." खटक्याला एक कुलूप होतं, चिमणीच्या डोळ्याएवढं. "हे उघडल्याशिवाय चकती हलत नाही."

अंतोनिना कानशीचा आवाज थांबला म्हणून बघायला आली होती. "झाडाला कुलूप! चोर नेणार होता का लिंबोणी?"

"चोरासाठी नाही," सावेली म्हणाला. "माझ्यासाठी आहे." आणि त्याने टाचणीएवढी चावी बायकोच्या तळहातावर ठेवली.

ग्लाफिरा त्या चकतीकडे पाहत राहिली. आयुष्यात तिला लोकांनी बऱ्याच वस्तू दिल्या होत्या: रुमाल, चहाचे कप, कारखान्याचं प्रशस्तिपत्र. तिच्या बोलण्यातला एक शब्द घेऊन त्याची वस्तू कुणी केली नव्हती. "वेडा आहेस तू, सावेली," ती म्हणाली. अहो-जाहो संपलं होतं.

मार्च उजाडला, दिवस मोठे झाले, आणि लिंबोणीने डोळे उघडले. आधी उघड्या पडलेल्या बाजूला तांबूस कोंब, मग पानं, मग सगळीकडूनच. एप्रिलमध्ये फुलली तेव्हा वास पडवी ओलांडून अंतोनिनाच्या खोलीत गेला. मीठ-माचिस मागायच्या खेपा वाढल्या. सावेली फुलांच्या शेजारी बसून कुलपं घासायचा. टेबल आता खिडकीला आडवं लावलं होतं. उजेड डावीकडून येतो, हेच खरं तर बरं, असं त्याने जाहीर केलं. खोटं बोलत असावा.

मे महिन्याच्या अखेरीला संस्कृती भवनात गावच्या लिंबोण्यांचं प्रदर्शन भरलं. ग्लाफिरा यापूर्वी कधी गेली नव्हती. या वर्षी सावेलीनेच नाव घातलं. हवा उबदार होती. दोघांनी मिळून चकतीसकट कुंडी हातगाडीवरून नेली, अंतोनिना पुढे चालत लोकांना बाजूला सारत होती: "सरका, सरका! फूल गळलं तर भरून देणार आहात का?"

सभागृहात ओळीने झाडं मांडली होती. डॉक्टरीणबाईंच्या लिंबोणीला तर पंचवीस फळं होती. पण घरातल्या लिंबोणीचं एक तोंड असतं आणि एक पाठ, खिडकीकडे भरलेली, खोलीकडे विरळ. मालक शहाणे, सगळ्यांनी पाठ भिंतीकडे केली होती. फक्त ग्लाफिराने आपली कुंडी मधोमध, चहूबाजूंनी माणसं फिरू शकतील अशी ठेवायला लावली. बायका पानं आणि कळ्या पाहत होत्या. पुरुष, कारखान्यातले जुने कुलूपवाले, एकामागून एक गुडघ्यांवर बसून खाली चकती पाहत होते. कुणी भिंग काढलं. "हाताने घासलेत? सगळे?" "हाताने," सावेली म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

गॉर्की शहरातून आलेले परीक्षक वयस्क, हसतमुख गृहस्थ होते. ते झाडाभोवती दोनदा फिरले.

"इतकी वर्षं झाडं बघतोय, पण सगळीकडून सारखी भरलेली घरची लिंबोणी आज बघितली. सावेली गोर्देयेविच, जरा फिरवून दाखवा ना ही चकती. मागच्या लोकांनाही दिसू दे. एक पूर्ण फेरा."

"चावी हिच्याकडे असते," सावेली म्हणाला.

सगळ्या सभागृहाने ग्लाफिराकडे पाहिलं. भवनाच्या संचालकबाई डोळ्यांनी खुणावत होत्या, फिरव, फिरव. चावी तिच्या गळ्यात होती, दोऱ्यात ओवलेली. ग्लाफिराने हात छातीशी नेला आणि तिथेच ठेवला.

"माफ करा. परवाच एक दाता फिरवलाय. आता पुढच्या आठवड्यात."

"एकदाच, बक्षिसाचा प्रश्न आहे," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"बक्षीस मला मिळेल. पानं तिची गळतील." तिचा आवाज चढला नव्हता. "ज्यांना मागची बाजू बघायची आहे त्यांनी मागे जावं. पाय तुम्हाला आहेत, हिला नाहीत."

परीक्षक मोठ्याने हसले, हसता हसता त्यांनी तिच्यापुढे मान लववली आणि मागच्या लोकांना हाक मारली, "या, या, इकडून फिरून या! मालकीणबाईंचा हुकूम आहे." आणि सगळे एकामागून एक झाडाभोवती फिरू लागले.

पहिलं बक्षीस डॉक्टरीणबाईंना मिळालं, पंचवीस फळांना. ते योग्यच होतं. ग्लाफिराने मनापासून टाळ्या वाजवल्या. पण घरी येताना सावेली हातगाडी ओढत असा चालत होता की पाहणाऱ्याला वाटावं, पदक याच्याच खिशात आहे. वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगायचा, "नाही फिरवली तिने! शहरच्या माणसापुढे, सगळ्या गावासमोर, नाही म्हणजे नाही!" चकतीबद्दल मात्र अवाक्षर नाही. ते ग्लाफिरा सांगत होती.

पुढल्या आठवड्यापासून दारावर माणसं येऊ लागली. काहींना फांदी हवी होती, काहींना चकती. अंतोनिना पडवीत खुर्ची टाकून बसायची आणि आधी तिच्याशी बोलल्याशिवाय कुणाला आत सोडायची नाही. "आमच्या ग्लाफिराची लिंबोणी बघायला आलात? पाय पुसा."

जून सरता सरता एका संध्याकाळी ती स्वतः आली. ना मीठ मागितलं, ना माचिस. दारातच पाय पुसत राहिली.

"माझ्याकडेही एक खिडकी आहे," ती शेवटी म्हणाली. "पूर्वेची. सकाळचं ऊन येतं."

ग्लाफिराने कात्री घेतली. सावेलीला वाटलं, मागची एखादी बारकी फांदी देईल, झाडाचा आकार बिघडणार नाही अशी. तिने पुढचीच निवडली, ताठ, निरोगी, चार पानांची, आणि तिरका छेद देऊन कापली. मग तिघं मिळून पडवी ओलांडून गेली. अंतोनिनाच्या खिडकीत एक रिकामा डबा आधीच मातीने भरून ठेवलेला होता. लिंबोणीला लागते तशी, लिंडेनच्या झाडाखालची माती, चाळलेली. बाईने कधीपासून ठेवली होती कोण जाणे.

ग्लाफिराने फांदी खोचली, माती दाबली, वरून काचेची बरणी उपडी घातली.

"पाणी शिळं द्यायचं, तोन्या," नणंदेला पहिल्यांदाच घरगुती नावाने हाक मारत ती म्हणाली. "कोमट. आणि बरणी उघडून सारखी बघायची नाही."

"मी कशाला बघतेय," अंतोनिना म्हणाली, आणि खुर्ची ओढून बरणीसमोर बसली.