कांदेनवमीचे आमंत्रण

मित्राचा मान राखावा, हे उचितच होय. परंतु मान राखण्याच्या भरात माणूस मित्राला देव्हाऱ्यात नेऊन बसवतो आणि त्याला साधी हाक मारायची, त्याच्या पानात चार घास वाढायचे विसरतो, तेव्हा त्या आदराचाच दोष होतो. हा दोष दुर्जनांच्या हातून घडत नाही. तो सज्जनांच्याच हातून घडतो, आणि म्हणून वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

नगरच्या रंगनाथशास्त्र्यांच्या आयुष्यात हा दोष पंचवीस वर्षे मुक्काम करून राहिला होता. एकाहत्तर सालच्या आषाढात, कांदेनवमीच्या दुपारी, एका भट्टीच्या धगीत तो जळून गेला.

शास्त्रीबुवा हायस्कुलात संस्कृत शिकवीत. त्यांच्या घरीही सगळ्या घरांप्रमाणे चातुर्मासात कांदा वर्ज्य असे, आणि त्याआधी येणाऱ्या आषाढ शुद्ध नवमीला त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई कांद्याची थालीपिठे, कांद्याची भजी आणि कांद्याचे पिठले असा मोठा घाट घालीत. मुलेबाळे तुटून पडत. शास्त्रीबुवा मात्र ताक-भात खाऊन उठत. सत्तावीस वर्षे त्यांनी कांदा तोंडात घातला नव्हता. घरच्यांना ते वैराग्य वाटे. खरे कारण निराळे होते.

बन्सी, कारभारी आणि रंगनाथ हे शाळेत एका बाकावरचे. दुपारच्या सुट्टीत शाळेमागच्या लिंबाखाली कारभारीची भाकरी सुटे, बन्सी बुक्कीने कांदा फोडी, आणि त्यातला मोठा वाटा रंगनाथ पळवी. पुढे बन्सी पलटणीत गेला आणि महायुद्धात इटलीच्या आघाडीवर पोहोचला. चव्वेचाळीसच्या थंडीत तार आली, की तो बेपत्ता आहे. त्या दिवशी रंगनाथ माळीवाड्याच्या गणपतीसमोर उभा राहिला आणि आपल्याला जे सर्वांत प्रिय ते त्याने सोडले. बन्सी सुखरूप येईल आणि आपण होऊन, स्वतःच्या हाताने मला कांदा वाढील, तेव्हाच तो पुन्हा तोंडी लावीन, असा तो नेम होता. मागायचे नाही आणि नेमही कोणाला सांगायचा नाही, हे त्याचे पथ्य.

सेहेचाळीस साली बन्सी परतला. रंगनाथाला वाटले, आता चार दिवसांत नेम सुटेल. पण तोवर रंगनाथाचा रंगनाथशास्त्री झाला होता. खांद्यावर उपरणे आले होते, लोक रस्त्यात वाकून नमस्कार करीत होते. बन्सीही वाकू लागला. 'अरे-तुरे' गेले, 'शास्त्रीबुवा' आले. अशा माणसाला आपल्या चुलीवरचे जेवा म्हणावे तरी कसे, असा त्याला प्रामाणिक संकोच वाटे. मुलीच्या लग्नात तर त्याने कहर केला. साऱ्या गावाला पंगतीस बोलावले आणि शास्त्रीबुवांच्या घरी मात्र मोठ्या सन्मानाने कोरडा शिधा पोचता केला. तांदूळ, डाळ, तूप, गूळ, नारळ, सारे यथासांग होते. शास्त्रीबुवांनी ते ताट दोनदा नीट न्याहाळले. कांदा नव्हता.

पलटणीतल्या भटारखान्यात आयुष्य घालवून निवृत्त झाल्यावर बन्सीने भिंगारच्या वेशीजवळ एका गाळ्यात भट्टी बांधली. इटलीत खाल्लेला एक पदार्थ तो तिथे करी. पित्सा, असे तो म्हणे. आळीतले लोक त्याला इटलीची भाकरी म्हणत. आणि यंदा कांदेनवमीच्या आदल्या दिवशी तो स्वतः शास्त्रीबुवांच्या दारी आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहून म्हणाला, "उद्या दुपारी भट्टीवर याल का? कारभारीही येतोय."

शास्त्रीबुवा त्या रात्री नीट झोपले नाहीत. कांदेनवमी, आणि बन्सीचे आमंत्रण! सकाळी त्यांनी ठेवणीतले धोतर काढले, तेव्हा मनकर्णाबाईंनी विचारले, "कोणाची मुंज आहे?"

गाळ्यात दोन बाकडी, एक लांब टेबल आणि मागे घुमटासारखी मातीची भट्टी होती. कारभारी मिरजगावहून एस.टी.ने आला होता आणि आपल्या मळ्यातल्या कांद्यांची गोणी दारात टेकवून घाम पुशीत होता.

"काय रं बन्श्या, ही भट्टी हाय का वारूळ?"

"वारूळ असतं तर तुलाच आधी आत घातला असता," बन्सी म्हणाला. मग शास्त्रीबुवा दिसताच त्याने हात जोडले, स्वतःच्या खांद्यावरच्या पंच्याने बाकडे पुसले आणि त्यावर धुतलेला पाट ठेवला. "बसा, शास्त्रीबुवा."

"बाकड्यावर पाट! रंग्या, आता तू छताला लागशील," कारभारी म्हणाला.

बन्सीने लांब दांड्याची फळी भट्टीत सरकवली आणि पहिली भाकरी बाहेर काढली. आंबवलेल्या मैद्याची कड फुगून करपट सोनेरी झालेली, वर टोमॅटो, छावणीच्या दुकानातून आणलेले चीज विरघळलेले, ओव्याची पाने, आणि साऱ्यावर कडेपर्यंत पसरलेल्या भाजक्या कांद्याच्या चकत्या. तो वास आला आणि शास्त्रीबुवांचे डोळे आपोआप मिटले.

डोळे उघडले, तेव्हा भाकरी कारभारीपुढे होती. त्यांच्यापुढे बन्सीची बायको साळूबाई नवे कोरे पितळी ताट ठेवीत होती. ताटात केळीचे पान, त्यावर चार केळी, खजूर, आणि भांडेभर दूध.

"समदं सोवळ्यातलं हाय बरं का, बुवा," साळूबाई अभिमानाने म्हणाली. "ताट कालच आनलं. भट्टीच्या वाऱ्याला न्हाई उभं केलं."

शास्त्रीबुवांनी केळ्यांकडे पाहिले. मागितले असते तर बन्सीने डोक्यावर घेऊन वाढले असते. पण मागितले की नेम मोडला. गणपतीसमोर दिलेला शब्द सत्तावीस वर्षांनी केळ्याच्या सालीवरून घसरून पडणार. त्यांनी एक केळे सोलले, खाल्ले आणि क्षीण स्वरात म्हणाले, "केळे उत्तम आहे."

"आरं, ही तर आपलीच भाकरी!" कारभारीचे तोंड भरलेले होते. "नुसती कांदा-टमाट्याची गोधडी पांघरून आलीय. लई झ्याक! रंग्या, नुसता वास घे. तुला त्याचा काय उपेग म्हना."

"असं का म्हणतोस?" बन्सीने विचारले.

"मी दरसाल समद्यांला कांद्याची गोनी धाडायचो का न्हाई? तर वैनी म्हनल्या, भावोजी, आता नका धाडू. ह्यांनी चव्वेचाळीसच्या थंडीपास्नं कांदा सोडलाय."

फळी बन्सीच्या हातात तशीच अधांतरी राहिली. "कुठल्या थंडीपासून?"

"चव्वेचाळीसच्या. तुजी ती तार आली न्हवं का, त्याच—" आणि कारभारीचा घास थांबला. त्याने शास्त्रीबुवांकडे पाहिले, मग बन्सीकडे. "आयला," तो हळूच म्हणाला.

"शास्त्रीबुवा," बन्सीने फळी खाली ठेवली, "माझ्यापायी?"

नेम सांगायचा नव्हता. शास्त्रीबुवांनी केळ्याची साल घडी घालून ताटाच्या कडेला नीट ठेवली, उपरणे सारखे केले आणि भट्टीतल्या निखाऱ्यांकडे पाहत राहिले. खोटे बोलण्याची सवय नसलेल्या माणसाला एवढेच करता येते.

बन्सी बाकड्यावर टेकला. "त्या थंडीत माझ्या पायाला गोळी लागली होती. एका खेड्यातल्या म्हातारीनं मला भट्टीवरच्या माळ्यात, पेंढ्यात लपवलं. अकरा आठवडे. लढाईनं तिचं सगळं नेलेलं. घरात पीठ आणि कांदे, एवढंच. रोज कांद्याची भाकरी भाजायची आणि अर्धी मला द्यायची. तुम्ही इकडं सोडला, आणि मी तिकडं त्याच्यावरच जगलो. तिनं माझं नाव विचारलं नाही, जात विचारली नाही. तू आमच्या हातचं जेवशील का, हेसुद्धा विचारलं नाही. वाढलं. आणि मी पंचवीस वर्षं मनातल्या मनात विचारत बसलो, शास्त्रीबुवा आपल्याकडं जेवतील का? उत्तरही मीच देत बसलो."

तो उठला आणि त्याने शास्त्रीबुवांपुढचे पितळी ताट उचलले.

"अवं, काय करता? पाप लागंल!" साळूबाई म्हणाली.

"लागू दे. लई वर्षं पुण्य करून पाहिलं."

त्याने कारभारीच्या गोणीतून एक कांदा घेतला, टेबलावर ठेवला आणि बुक्कीने फोडला. टोमॅटो नाही, चीज नाही. थापलेल्या पिठावर मीठ, तेल आणि तो फुटका कांदा. भट्टीने आपले काम केले. बन्सीने ती भाकरी साध्या ॲल्युमिनियमच्या थाळीत, आपल्या हातांनी, शास्त्रीबुवांपुढे ठेवली.

"रंग्या," तो म्हणाला, "खा."

शास्त्रीबुवांनी थाळीभोवती पाणी फिरवले, क्षणभर गणपतीचे स्मरण केले आणि घास घेतला. मग दुसरा. तिसऱ्या घासाला त्यांचे गाल भिजले.

"कांदा तिखट आहे," ते म्हणाले.

"भाजल्याला कांदा साकरेवानी व्हतो, रंग्या. सौंस्कृत शिकवतोस आन खोटं बोलतोस?" कारभारी म्हणाला, आणि स्वतःच पटक्याने डोळे पुसू लागला.

मग तिघे असे हसले, की रस्त्यावरची माणसे गाळ्यात डोकावली. शास्त्रीबुवांनी ती भाकरी संपवली. टोमॅटोवाली एक संपवली. तिसरीतली अर्धी, पूर्वीच्याच सवयीने, कारभारीच्या थाळीतून पळवली.

"बेतानं, बुवा! चातुर्मास उंबऱ्यावर आलाय," साळूबाई आता पोटभर हसत होती.

"मध्ये उद्याची दशमी आहे ना?" शास्त्रीबुवा गंभीरपणे म्हणाले. "मग उद्याही येतो. मनकर्णेलाही घेऊन येतो. आणि पाट नको."

उन्हे कलू लागली होती. हात धुण्यासाठी साळूबाईने तांब्या पुढे केला, पण शास्त्रीबुवा क्षणभर तसेच बसून राहिले. उष्टा हात थाळीवर होता आणि दृष्टी भट्टीकडे. मग ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "ती माउली जिथे असेल तिथे तिला सुख असो. ज्याने कांदा पिकवला त्याच्या मळ्याला पाणी असो. आणि ज्यांनी आज वाढले, त्यांच्या भट्टीतला विस्तव कधी न विझो."