नाडीचा वळ

मदतनीस म्हणून जी पोरगी आमच्याकडे यायची, तिची वागणूक मला पहिल्या दिवसापासून पटली नाही. माणूस खुर्चीतून उठायला धडपडतोय, कपाळावर घाम, आणि ही बाजूला उभी. हात यांच्या पाठीमागे वीतभर अंतरावर धरलेला, पण लावायचा नाही. "आजोबा, पाय मागे घ्या. पुढे वाका. आता उठा." झालं काम. मी तिचं नाव बिनहाताची ठेवलं होतं. तोंडावरही म्हटलं एकदा.

"हात आहेत, आजी," ती म्हणाली. "पडले तर धरायला राखून ठेवलेत."

यांची डावी बाजू गेली त्याला दोन महिने झाले होते. मुलगा फोनवर रोज तेच घोकायचा. "आई, तुला झेपणार नाही. बाबांना चांगल्या ठिकाणी ठेवू. खोली बघून आलोय." शेवटी असं ठरलं की सहा आठवडे ही पोरगी व्यायाम घेईल, मग तिच्या वरच्या फिजिओथेरपीच्या बाई येऊन बघतील. हे आपले आपण उठून संडासापर्यंत गेले तर घरी राहतील. नाहीतर ती खोली.

पोरगी आठवड्यातून दोनदा यायची. बाकीच्या दिवसांसाठी तिने कपाटावर कागद चिकटवला होता. हे आधाराशिवाय उठले की एक रेघ ओढायची. मला लिहिणं सहीपुरतं येतं, पण रेघ कोणीही ओढतं. मी रोज पाच ओढल्या.

आता खरं सांगते. मी मागून यांच्या पायजम्याची कंबर मुठीत धरायची आणि वर खेचायची. माणूस उभा राहायचा ना? मग झालं तर.

पोरगीसमोर हे तीनातून एकदा उठायचे. तिला वाटायचं, परक्या माणसापुढे बुजतात. कागदावर विश्वास ठेवून तिने वर कळवून टाकलं, घरी उत्तम उठतात.

सहा आठवडे भरले त्या दिवशी बाई अकराला येणार होत्या. पोरगी दहालाच आली. यांचा सदरा बदलताना तिचा हात थांबला. पोटावर नाडीचा वळ होता, लालनिळा.

"हे काय, आजी?"

"नाडी घट्ट बसली असेल."

"घट्ट बसली तर कमरेभर उमटेल. हा नुसता पुढे आहे. मागून कोणी ओढलं की असा येतो."

मी ओट्याकडे वळले आणि पुसलेला ओटा पुन्हा पुसला. ती कपाटापाशी गेली, कागद वरपासून खालपर्यंत बघितला. चेहरा उतरला तिचा.

"मला बाईंना सांगावं लागेल."

"सांग की. आणि यांची पिशवीही तूच भर."

"तुम्ही अंघोळीला गेलात आणि हे उठायला गेले, तर कोण ओढणार? हा कागद?"

"दीडशहाणी आहेस. माझा संसार मोडून जाशील."

खुर्चीतून यांचा आवाज आला. बोलणं अजून अडखळत होतं. "मला... कळत होतं."

"काय कळत होतं?" मी विचारलं.

"ओढतेस ते. पण रेघ काढताना... तुझं तोंड... खुलायचं."

मी फडकं ठेवलं आणि यांच्या सदऱ्याची राहिलेली बटणं लावली.

अकराला बाई आल्या. पोरगीने कागद काढून त्यांच्या हातात दिला. "हा हिशेबात धरू नका. मी स्वतः खात्री न करता तुम्हाला कळवलं. चूक माझी." वळाचं नाव नाही, माझं नाव नाही.

बाईंच्या भुवया चढल्या. "हे तुमच्या नावावर लिहावं लागेल. पुढच्या वेळी इथे दुसरं कोणीतरी पाठवीन."

"लिहा," ती म्हणाली.

मला कोणी वाचवलेलं खपत नाही. "रेघा मी ओढल्यात," मी म्हणाले. "आणि यांनाही मीच ओढलंय. तिला काय विचारता?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग यांच्याकडे. "उठून दाखवा, आजोबा."

पोरगीने मला समोरच्या स्टुलावर बसवलं. "हात मांडीवर ठेवा. काहीही झालं तरी."

हे पुढे वाकले, अर्धे उठले, धपकन बसले. दुसऱ्यांदाही तेच. डावा गुडघा लटपटत होता. माझी बोटं एकमेकांत रुतली होती. तिसऱ्या वेळी हे उठले. उभे राहिले. पाठीमागे वीतभरावर तिचा हात, न लागलेला. दोन पावलं टाकली आणि भिंत धरली. संडास अजून आठ पावलं लांब होता.

बाईंनी बराच वेळ लिहिलं. "एकटं सोडता येणार नाही. आणखी तीन आठवडे घरी ठेवून बघू. मुलाला मी कळवते."

"आणि हीच पोरगी येईल," मी म्हणाले. "दुसरी आली तर दार उघडणार नाही."

बाई "बघते" म्हणाल्या आणि गेल्या.

मागोमाग पोरगी दारात चपला घालायला वाकली. मी दाराला हात लावून उभी राहिले.

"ऐक गं. या घरात चाळीस वर्षांत माझा शब्द कोणी खोडला नाही. तू खोडलास, आणि बरोबर खोडलास. मंगळवारी उशीर करू नकोस."