शेवटच्या फेरीची घंटा

मी रुळाचा एक जुना तुकडा आहे. ऐन उमेदीची वर्षं कसारा घाटात गेली. आगगाड्या पेलून झिजलो, तेव्हा मला कापून टोकावड्याच्या शाळेत आणलं आणि रस्त्याकडेच्या जांभळीला टांगलं. मी शाळेची घंटा झालो. सकाळी माझे टोले ऐकून मुलं तोंड वाकडं करत. संध्याकाळी मात्र शिपाई गोमा मला घणाघणा बडवायचा आणि सगळी शाळा ओरडायची, "सुटलीऽऽ!" मित्रांनो, एवढा मान मला घाटातसुद्धा मिळाला नव्हता.

पुढे विजेची घंटा आली. काय तिचं ते किरकिरणं! मी झाडावर गंजत राहिलो. कावळे तेवढे येऊन बसत.

तिथूनच मी मुलींची सायकल शर्यत पाहिली. तीत मोठमोठ्या संघांच्या पगारी खेळाडू उतरत. आमच्या वाडीची दिपालीही त्यांतलीच, याच शाळेत शिकलेली. पहिल्या वर्षी शर्यत शहापूरहून निघून आमच्या गावावरून थेट पुढे गेली. लोक उन्हात ताटकळले आणि सायकली झर्रकन निघून गेल्या.

दुसऱ्या वर्षी मुलींना एकेकीला सोडलं. जिला सर्वांत कमी वेळ लागेल, ती जिंकणार. पण हे गावाला कोणी सांगितलंच नाही. दिपाली एकटी येताना दिसली आणि तिची आई गंगी हात पसरून रस्त्यात उभी राहिली.

"गो दिपाले, एकटीच कशी मागं रायलीस? बाकीच्या कवाच गेल्या! थांब, पाणी पी."

आईला धडक कशी द्यायची? दिपाली थांबली आणि शर्यत हरली. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

यंदा शर्यत भरवणाऱ्या कुणालीताई दिपाली आणि गंगीसोबत जांभळीखाली येऊन बसल्या. "या वेळी लोक आले नाहीत, तर शर्यत कायमची बंद," त्या म्हणाल्या. दिपालीचा चेहरा उतरला. तिच्या माणसांसमोर होणारी ही एकच शर्यत होती.

"लोकं येतील कशाला?" गंगी फणकारली. "पोर एकदा दिसते नि जाते. परत फिरून नाय का येत?"

कुणालीताई ताडकन उठल्या. "येईल! गावाभोवती फेऱ्याच मारू!"

"मग शेवटची फेरी कंची, ते कसं कळंल?"

"तेव्हा घंटा वाजवतात, आये," दिपाली म्हणाली आणि तिने वर माझ्याकडे पाहिलं. माझा गंज शहारला!

शर्यतीला रस्त्याकडेला पाय ठेवायला जागा नव्हती. दर फेरीला लोक दिपालीच्या नावाने ओरडत होते. शेवटच्या फेरीला म्हाताऱ्या गोमाने हातोडी उचलली. हळू टोले द्यायचं ठरलं होतं, पण हाताची सवय जाते थोडीच? त्याने मला घणाघणा बडवलं आणि पोराटोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळं गाव ओरडलं, "सुटलीऽऽ!"

बाकीच्या मुलींना ती शेवटच्या फेरीची घंटा होती. दिपालीला मात्र ती शाळा सुटल्याची, घरी पळायची घंटा वाटली. ती अशी सुटली की कोणाला गाठता आली नाही!

गंगी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, पण या वेळी शर्यत संपते त्या रेषेपलीकडे. "आता पी," ती म्हणाली. आता दरवर्षी शर्यत इथेच, फेऱ्यांचीच आणि याच घंटेवर, असं कुणालीताईंनी तिथेच जाहीर केलं.

मित्रांनो, जुनी वस्तू भंगारात टाकण्याआधी एकदा वाजवून तरी बघा.