खोक्यातला बर्फ

शिवरुद्रने काचेच्या नळ्या बाजूला सारल्या, थर्माकोलच्या खोक्यातला बर्फ जेवणाच्या डब्यात भरला आणि सायकल काढली. सेलूचे पाहुणे त्याच्या मुलीला, भागम्माला बघायला घरी येऊन बसले होते. मे महिना परभणीला भाजून काढत होता आणि सकाळपासून वीज नसल्याने गावात बर्फाचा खडा मिळत नव्हता. तासाभराचाच तर प्रश्न, असं त्याने स्वतःला समजावलं.

नळ्यांत काय आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, असं मात्र नाही. संशोधन करणाऱ्या मनकर्णाने प्रयोगशाळेच्या या शिपायाला सगळं नीट सांगितलं होतं. ज्वारीच्या कोंबांतून सहा महिने खपून तिने एक विकर, म्हणजे एन्झाइम, काढलं होतं. "काका, हे साखरेचा एकेक कण उचलून प्रथिनाला नेऊन जोडतं. लय नाजूक हाय. गारव्यात हाय तवरच जितं." वीज गेली की नळ्या फ्रीजमधून काढून बर्फात ठेवायचं काम तिने विश्वासाने त्याच्यावर सोपवलं होतं. त्या दिवशी ती चुडाव्याला, आपल्या घरी गेली होती.

सरबत गारेगार झालं, पाहुणे खूश झाले, सुपारी फुटली. शिवरुद्र परतला तेव्हा नळ्या कोमट पाण्यात पडल्या होत्या. संध्याकाळी वीज आल्यावर त्याने त्या पुसून मुकाट्याने फ्रीजमध्ये ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी विकराने साखरेचा एक कणही हलवला नाही. मनकर्णाने तीनदा करून पाहिलं. मार्गदर्शक सर सगळ्यांदेखत म्हणाले, "विद्यापीठाच्या नामांतराच्या घोषणा देणं वेगळं आणि प्रयोग करणं वेगळं. तुम्हा लोकांना कोण सांगणार?"

खाली मान घालून ती म्हणाली, आपलाच हात चुकला असेल. दारात फडकं घेऊन उभ्या असलेल्या शिवरुद्रच्या ओठांवर खरं आलं होतं. पण नोकरी गेली असती, ठरलेलं लग्न मोडलं असतं. तो टेबल पुसत राहिला आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली.

तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि काम अर्धवट सोडून ती गावी गेली. पुढच्या उन्हाळ्यात भागम्माच्या लग्नाला मात्र ती आली, नवरीला साडी घेऊन.

"समदे मलाच बोलले, काका. तुमी तेवढे एका शब्दानं बोलला न्हाईत."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं शिवरुद्रला झालं. हातातला सरबताचा पेला त्याने तिच्यापुढे धरला.

"ताई, त्या दिशी..." तो म्हणाला आणि अडखळला. "त्या दिशी ऊन लय होतं."

"आजबी हायच की," असं म्हणत तिने सरबत संपवलं आणि पेला त्याच्या हातात दिला. तळाशी बर्फाचा एक खडा उरला होता. तो विरघळेपर्यंत शिवरुद्र तिथेच उभा राहिला.