ओढ्याकाठचं पाऊल

ऑरव्हिलनं डब्यातलं एक लांबट हाड उचललं, शर्टाच्या बाहीला पुसलं आणि कुणी काही म्हणायच्या आत जिभेला लावलं. मग बोटं काढून घेतली. हाड क्षणभर तसंच त्याच्या जिभेला लोंबत राहिलं.

एल्विना सेडलाचेकनं टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.

"चिकटतंय," हाड हातात घेत ऑरव्हिल म्हणाला. "दगड असा चिकटत नाही. हाडच आहे, बाई."

"असं चाटता तुम्ही? काहीही?"

"आम्ही सगळेच चाटतो. बायको होती तोवर घरी गेल्या गेल्या चूळ भरायला लावायची. आता तेही कुणी म्हणत नाही."

शेजारचे दोघेतिघे हसले. एल्विनाला हसता आलं नाही. ते हाड ज्याचं असेल असं तिला वाटत होतं, त्या माणसानं ती नऊ वर्षांची असताना तिला घोड्यावर बसायला शिकवलं होतं.

महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी चर्चच्या तळघरात हे टेबल लागायचं. जीवाश्म गोळा करणारी हौशी माणसं होती ती. कुणी पोस्टमन, कुणी ट्रकवाला, कुणी मास्तर, आणि बहुतेक सगळे आता घरी बसलेले. विद्यापीठातल्या साहेबांना पत्र टाकलं तर सहा महिन्यांनी दोन ओळींचं छापील उत्तर यायचं, तेही आलं तर. म्हणून ही माणसं एकमेकांकडूनच शिकली होती. एकानं आणलेलं दुसऱ्यानं उलटसुलट करून बघायचं, चाटायचं, भांडायचं, मग नाव ठरवायचं. बाहेरच्यांनीही काही सापडलं तर घेऊन यावं, फुकट सांगू, अशा चार ओळी गावच्या पेपरात यायच्या. येणारा आशेनं यायचा. डायनोसॉरचं अंडं म्हणून नदीतला गोटा आणायचा आणि गोटा घेऊन घरी जायचा.

आपलं काहीतरी निघावं म्हणून सगळे यायचे. काहीच निघू नये म्हणून आलेली एल्विना एकटीच. गाय निघावी. डुक्कर निघावं. कुणाचा तरी म्हातारा कुत्रा निघावा.

पासष्ट वर्षांपूर्वी त्यांच्या शेतावर क्लाइड प्रूइट नावाचा गडी होता. मिझुरीकडचा, हसरा, तोंडाचा जरा सैल. एल्विनाच्या आईकडे त्याचं लक्ष गरजेपेक्षा जास्त असायचं, एवढं नऊ वर्षांच्या पोरीलाही कळत होतं. ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी गोठ्यात तिच्या बापाचं आणि त्याचं कडाक्याचं भांडण झालं. सकाळी क्लाइड नव्हता. त्याची टोपी खुंटीला तशीच होती. तीन दिवसांनी बाप कुंपणाचे खांब रोवायचे म्हणून फावडं घेऊन ओढ्याच्या वळणावर गेला आणि एकही खांब न रोवता परत आला. पंपाखाली हात धुवायला बसला. धूतच राहिला. जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं सगळ्यांना बजावलं, वळणाकडे कुणी फिरकायचं नाही. का, ते कुणी विचारलं नाही. आईनंही नाही.

गावानं त्याला खुनी म्हटलं नाही. गाव असलं काही तोंडानं म्हणतच नसतं. चर्चमध्ये त्याच्या बाकावरची शेजारची जागा रिकामी राहू लागली, एवढंच. आणि एल्विनानं? तिनंही तेच केलं, फक्त घरात राहून. बाप जाईपर्यंत सव्वीस वर्षं त्याला वेळेवर वाढलं आणि त्याच्या हातांकडे एकदाही सरळ बघितलं नाही.

यंदा एप्रिलच्या पुरानं वळणावरची दरड कापून नेली. चुकलेलं वासरू शोधत ती तिथं गेली, तर मातीतून एक टाच बाहेर आलेली. तिच्यापुढे काळपट हाडं, ओळीनं, पाऊल मांडून ठेवल्यासारखी. शेरीफला लावायला तिनं तीनदा फोन उचलला आणि तीनदा ठेवला. मग हाडं कॉफीच्या रिकाम्या डब्यात भरली, डबा सिंकखाली सारला, आणि दीड महिना सिंकसमोर उभी राहून भांडी घासली.

"सर, जरा इकडे या," ऑरव्हिलनं हाक मारली.

गॉर्डन लुंडक्विस्टनं तीस वर्षं हायस्कुलात जीवशास्त्र शिकवलं होतं. निम्मी काउंटी त्याला सरच म्हणायची. त्यानं डबा वर्तमानपत्रावर अलगद ओतला आणि एकेक हाड लावायला घेतलं. खाली टाच. तिच्यापुढे बारकी हाडं. मग पाच लांब हाडं, त्यांतलं सगळ्यात जाड आतल्या बाजूला, अंगठ्याच्या जागी. मग तो थांबला. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"बाई, हे कुठं मिळालं?"

"आमच्या ओढ्यात."

"आणखी आहे तिथं?"

"बघितलं नाही."

हे खरं होतं. पाऊल मिळाल्यावर त्याच्या वर काय आहे ते बघायची तिची छाती झाली नव्हती.

"हा माणसाचा पाय आहे," गॉर्डन हळू आवाजात म्हणाला. "आता हे आमच्या हातातलं नाही. शेरीफला कळवावं लागेल. कायदाच आहे तसा." त्यानं फोन काढला.

ऑरव्हिलनं खिशातून रुमाल काढला आणि जीभ पुसली. कुणी हसलं नाही.

वळणावर माणूस पुरलाय, हे पासष्ट वर्षं एल्विना रोज मनात म्हणत आली होती, ते आता दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं. तिला वाटलं होतं, ते ऐकल्यावर काहीतरी कोसळेल. कोसळलं काहीच नाही. फक्त खुर्ची फार लांब आहे असं वाटलं. कुणीतरी ती पुढे सरकवली. ती बसली.

"तिकडे राजमा-खिम्याची चिली बुडाला लागायला आली आणि तुमची सगळ्यांची वाचा बसली की काय?"

स्वयंपाकघराच्या दारात डार्लीन कुचेरा उभी होती. हातात पळी, अंगात एप्रन. डार्लीननं नववीत शाळा सोडली आणि एकतीस वर्षं मांसाच्या कारखान्यात सुरी चालवली. त्या सुरीनं तिच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी केली होती. घोडा, डुक्कर, हरीण, काहीही असो, ती टेबलाच्या पलीकडूनच नाव सांगायची. ओळखायची ती आणि मंडळाच्या पत्रकात छापून यायचं सरांचं नाव. पंधरा वर्षं हे असंच चाललं होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

"माणूस आहे," ऑरव्हिल म्हणाला. "आणि मी तो चाटला."

"तुझं काय, तू काहीही चाटशील. सर, तो फोन खाली ठेवा."

"डार्लीन, ही गाय नाही."

"गाय नाही ते मला इथून दिसतंय. फोन ठेवा म्हणते ना. मेलेला माणूस दहा मिनिटांत कुठं पळून जायचा नाही."

तिनं पळी ऑरव्हिलच्या हातात दिली, भिंतीजवळच्या पेटीतून दाभण काढलं आणि लायटरवर टोक लाल होईपर्यंत धरलं. मग टाचेच्या हाडात, मागच्या बाजूला, ते टेकवलं. एक चुर्र आवाज झाला.

"वास घ्या, बाई," हाड पुढे करत ती म्हणाली. "नव्या हाडाला केस जळाल्यासारखी घाण येते. कितीही धुवा, येतेच. फार जुनं असलं की जळायला आत काही उरलेलंच नसतं."

एल्विनानं श्वास रोखून धरला होता. तो सोडल्याशिवाय वास घेता येईना. तिनं सोडला, आणि नाक हाडाजवळ नेलं. तापलेलं लोखंड. धूळ. आतून येणारा चिलीचा आणि दालचिनीच्या रोलचा वास. बाकी काही नाही. तिनं पुन्हा घेतला. काही नाही.

"किती जुनं म्हणायचं?"

"हजार वर्षं, पाच हजार, जास्तही. मला दाखला मागू नका, माझ्याकडे शाळेचाही नाही. पण तुमच्यामाझ्या हयातीतलं हे नव्हे."

एल्विनानं टेबलाची कड सोडली. बोटांवर कडेचा वळ उठला होता. तो ती बघत राहिली.

"मग जुनं दफन असेल," गॉर्डन म्हणाला. "इथल्या मूळच्या लोकांचं. तरीही कळवावं लागेल. उलट आता जास्तच."

"माणूस असेल तर कळवा. मीही म्हणेन कळवा. पण आधी हे सांगा, अंगठा या बाजूला कुणी ठेवला?"

"मीच. जाड हाड आतल्या बाजूलाच असतं."

"माणसात असतं. तुम्ही माणूस आहे असं धरून चाललात आणि हाडं तशी मांडलीत." तिनं पाचही हाडं गोळा केली आणि पुन्हा लावायला घेतली. डोळ्यांनी नाही. वाकड्या बोटांनी सांध्याच्या कडा चाचपत, एकाच्या बाजूला दुसरं टेकवत. बसलं नाही की काढायचं, बसलं की पुढचं. "सांधा खोटं बोलत नाही, सर. जे हाड ज्याच्या शेजारचं, तिथंच बसतं. हे बघा. सगळ्यात जाड कुठं गेलं?"

सगळे वाकले. सगळ्यात जाड हाड बाहेरच्या कडेला, करंगळीच्या जागी बसलं होतं. अंगठ्याच्या जागी सगळ्यात बारीक.

"असला माणूस असता तर त्याला बूट कुठं मिळाले असते?" ऑरव्हिल म्हणाला.

"अस्वल आहे. मागचा पाय. माझ्या भावानं एकदा माँटानात मारलं आणि पंजा सोलायला माझ्याकडे आणला. कातडं आणि नख्या गेल्या की हुबेहूब माणूस. तीस वर्षं मांस कापणारी बाई मी, सिंकमध्ये ओकले."

"नेब्रास्कात या बाजूला अस्वलं नाहीत," गॉर्डन म्हणाला.

"नाहीत. होती. आपण इथं दर महिन्याला मग कशाला जमतो?"

गॉर्डननं पिशवीतून जाडजूड पुस्तक काढलं. शिकलेल्या माणसाला चूक सोडायलाही पुस्तक लागतं. त्यानं बराच वेळ चित्रं बघितली, हाडं बघितली, पुन्हा चित्रं. त्याचे कान लाल झाले. पण माणूस कोत्या मनाचा नव्हता.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "अस्वलच. बाई, मी तुम्हाला उगाच घाबरवलं."

"लिहून घ्या," डार्लीन म्हणाली. "आणि या वेळी कुणी ओळखलं तेही लिहा."

त्यानं मान खाली घालून लिहिलं.

अस्वल. एल्विनानं तो शब्द मनात उलटून पालटून बघितला. म्हणजे क्लाइड प्रूइट आपल्या दोन्ही पायांनी चालत गेला होता. टोपी विसरून. कुठंतरी जाऊन त्यानं दुसरी घेतली असेल, दुसऱ्या कुणाच्या बायकोकडे बघून हसला असेल, म्हातारा होऊन अंथरुणात मेला असेल. तिच्या छातीतून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता हे तिला जरा उशिरा कळलं.

"मला थोडी चिली मिळेल?" तिनं विचारलं.

ऑरव्हिलनं तिला दोन पळ्या वाढल्या, शेजारी रोल ठेवला. एप्रिलपासून जेवणाला चव लागली नव्हती. आज चिली खरंच जराशी करपली होती आणि तिनं वाडगा तळापर्यंत संपवत आणला. मंडळी तिच्याभोवती खुर्च्या ओढून बसली. कुणी म्हणालं, उरलेलं अस्वल काढायला येऊ का. या की, ती म्हणाली, येताना बूट आणा, चिखल फार आहे. इतकं सहज म्हणाली की तिची तिलाच गंमत वाटली.

डार्लीन अजून उभीच होती. टाच हातात घेऊन झरोक्याच्या उजेडात फिरवत होती.

"बाई, हे तुम्ही फावड्यानं काढलंत?"

"नाही. हातानं. माती ओलीच होती."

"मग हा घाव कुणाचा?" तिनं हाडाच्या कडेवरून वाकडं बोट फिरवलं. तिथं एक तिरकी, सरळ चीर होती. "दात नव्हेत. लोखंडाचं पातं आहे. घाव मला कळतात. आणि कालचा नाही. कालचा असता तर आतून फिकट दिसला असता. हा मातीत मुरलाय, पण हाडाइतका काळा नाही झालेला. माझ्या जन्माच्या आसपासचा म्हणा."

"म्हणजे कुणाला तरी आधीच सापडलं होतं?" ऑरव्हिल म्हणाला.

"सापडलं, आणि जिथल्या तिथं माती ओढून झाकलं."

"अख्खं अस्वल हाती लागलं आणि झाकलं? कुणाला दाखवलं नाही, विचारलं नाही? कोण गाढव असेल तो?"

एल्विनाचा चमचा वाडग्यातच राहिला. ऑक्टोबरचं ऊन, बापाच्या हातात फावडं, आणि पायाशी मातीतून वर आलेलं पाऊल. घरात खुंटीला टोपी. गोठ्यातलं भांडण अख्ख्या गावाला माहीत झालेलं. कुणाला दाखवायचं होतं त्यानं? कुणी विश्वास ठेवला असता? तिनं ठेवला असता?

तिनं हात पुढे केला. डार्लीननं टाच तिच्या तळहातावर ठेवली. एल्विना त्या चिरेवरून अंगठा फिरवत राहिली, हळूहळू, दुखऱ्या जागेवरून फिरवावा तसा.

"गाढव नव्हते ते," ती म्हणाली. "सरांना वाटलं, तेच त्यांनाही वाटलं."