सत्तावीस नंबरचा संशयी टोप

मी एक जुना टोप आहे. भात शिजवायचा नव्हे, डोक्यावर घालायचा. कागदोपत्री माझं नाव हेल्मेट. पण दोह्यातल्या आमच्या कॉलेजात खेळाच्या साहित्याची खोली सांभाळणारा शफीक रत्नागिरीकडचा आहे, तो मला टोपच म्हणतो. मलाही ते नाव आवडतं. पण आवडलं असं मी चटकन कबूल करत नाही, कारण मित्रांनो, माझा कोणावरच लवकर विश्वास बसत नाही.

आता तुम्हीच सांगा, बसणार कसा? माझं कामच धक्के खाण्याचं. अमेरिकन फुटबॉलमध्ये अंड्याच्या आकाराचा चेंडू काखेत धरून पळायचं असतं आणि समोरच्या अकरा जणांनी पळणाऱ्याला आडवं पाडायचं असतं. धक्का डावीकडून येतो, उजवीकडून येतो, कधी मागूनही येतो. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. मी तर पाणीसुद्धा फुंकून प्यालो असतो.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. मला साच्यातून काढलं, आत हवेच्या उशा बसवल्या, तोंडापुढे लोखंडी जाळी लावली. तिथल्या एका कॉलेजात मी चार वर्षं मानाने राहिलो. सामना जिंकला की पोरं मला हवेत उडवायची. मग एक दिवस मला न विचारता खोक्यात भरलं आणि बोटीने कतारला धाडलं. इथे माझा जुना नंबर खरवडून सत्तावीस नंबर चिकटवला. जुना नंबर खरवडतात म्हणजे नक्कीच काहीतरी लपवायचं असणार, असं मी तेव्हाच मनाशी धरलं.

सगळ्यात जास्त संशय मला शफीकचा होता. सराव संपला, पोरं पांगली की तो दार लोटून घ्यायचा. मग मला मांडीवर उलटा घेऊन आतल्या उशा अंगठ्याने दाबायचा, वास घ्यायचा, स्क्रू फिरवून बघायचा आणि एका वहीत काहीतरी टिपायचा. दर सामन्याआधी तो माझ्या मागे सहीची पट्टी लावायचा. त्या सहीवाचून कुठलाच टोप मैदानात जात नसे. एवढी सत्ता एका माणसाच्या हाती? कुठेतरी पाणी मुरतंय, असं मला रोज वाटे. हा गृहस्थ मला एक दिवस पळवणार, याची तर मी खूणगाठच बांधली होती.

मला घालायचा ऑस्टिन. वसईच्या ख्रिस्ती घरातला, वाढलेला मात्र दोह्यात. इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आणि डोकं एवढं मोठं की संघातला दुसरा कुठलाच टोप त्याच्या कानांखाली उतरत नसे. शफीक त्याच्याशी मुद्दाम मराठीत बोलायचा आणि ऑस्टिन मुद्दाम इंग्रजीत उत्तर द्यायचा. त्याला सगळं कळत होतं, बोलायला तेवढं नको होतं. शफीकला त्याचं वाईट वाटायचं. आपलं पोर आपल्याशी परक्यासारखं बोलतं, असं तो एकदा मला पुसता पुसता म्हणाला होता.

हंगाम नोव्हेंबरात सुरू झाला. पहिले दोन सामने आम्ही सपाटून हरलो. मला तर आपलेच लोक फितूर वाटू लागले. पुढे संघ सावरला, एकेक सामना खिशात घालत आम्ही उपांत्य फेरीला पोचलो आणि ऑस्टिनचं नाव सगळ्यांच्या तोंडी झालं. माझं नाव कोणी घेतलं नाही. पण असो.

उपांत्य सामन्यात शेवटची दोन मिनिटं उरली होती. ऑस्टिन चेंडू घेऊन सुटला आणि समोरच्या कुवेतच्या संघातल्या एका आडदांड गड्याचा टोप माझ्या उजव्या कानशिलावर येऊन आदळला. असा आवाज मी आयुष्यात दोनदाच ऐकलाय. ऑस्टिन उठला, चालत बाहेर आला आणि बाकावर शफीकच्या शेजारी बसला. शफीकने पाण्याची बाटली पुढे करत नेहमीसारखं मराठीत विचारलं, बरा हायस ना?

"काका, मला घरी ने," ऑस्टिन मराठीत म्हणाला. "आई वाट बघते."

शफीकच्या हातातली बाटली तशीच राहिली. तेवढ्यात शिट्टी वाजली, आम्ही जिंकलो होतो, सगळे मैदानात धावले. संघाच्या फिजिओने बऱ्याच वेळाने ऑस्टिनला गाठून चार प्रश्न विचारले. तोवर तो सावरला होता. त्याने इंग्रजीत धडाधड उत्तरं दिली आणि पास झाला.

आणि शफीक? त्याचा आनंद मनात मावेना. पोरान मला काका म्हटलान, मराठीत बोललान, असं सांगत त्याने अख्ख्या संघाला करक, म्हणजे इथला दाट दुधाचा कडक चहा पाजला. मला मात्र ते उत्तर आवडलं नव्हतं. नेहमीचा माणूस अचानक वेगळं बोलला की माझे कान टवकारतात. त्यात पुढचे पाच दिवस ऑस्टिन मला फार हळू डोक्यावर चढवत होता आणि उन्हाकडे पाठ करून उभा राहत होता. पण मी बोलणार कसा आणि कोणाशी?

अंतिम सामना शुक्रवारी होता. गुरुवारी संध्याकाळी ऑस्टिनची आई, जुलिया, त्याला न्यायला आली. ती हॉस्पिटलात नर्स आहे. शफीक मला पुसत होता, तो मला हातात घेऊनच गाडीपाशी गेला आणि हसत हसत तिला ती बातमी सांगितली. जुलिया हसली नाही.

"नक्की काय बोलला?" तिने विचारलं. शफीकने शब्द न् शब्द सांगितला.

"शफीकभाई, तो माझ्याशीही मराठीत बोलत नाही," ती म्हणाली. "पाच वर्षांचा होता तेव्हा बोलायचा. नर्सरी सुटली की गाडीवाल्या काकांना असंच म्हणायचा."

तेवढ्यात ऑस्टिन आला. शफीकने त्याला विचारलं, बाळा, त्या दिवशी माझ्याशी काय बोललास ते आठवतं ना?

"अंकल, व्हेन डिड आय स्पीक मराठी?" ऑस्टिन म्हणाला. तो थट्टा करत नव्हता. त्याला आठवतच नव्हतं.

जुलियाने त्याच क्षणी हॉस्पिटलात चल म्हटलं. तो म्हणाला, फायनलनंतर. तो एकोणीस वर्षांचा, त्याला उचलून कोण नेणार? कोचनेही फिजिओने पास केल्याच्या कागदावर बोट ठेवलं.

शुक्रवारी सकाळी मी जे भाकीत केलं होतं ते खरं झालं. शफीकने इकडे तिकडे बघितलं, मला टॉवेलात गुंडाळलं आणि आपल्या गाडीच्या मागच्या सीटखाली कोंबलं. चोर सापडला! मित्रांनो, खरं सांगतो, माझा संशय खरा ठरला म्हणून मला घटकाभर आनंदच झाला. मग त्याने दोह्याच्या मुऐदर भागातल्या आपल्या घरी, बायकोला फोन लावला.

"अजरा, टोप गाडीत हाय. पोराला नाय देत मी," तो म्हणाला. "नोकरी गेली तर बघू, इन्शाल्ला. पोरगा बेशुद्धीत बोलत होता, आणि मी चहा वाटला."

फोन तसाच कानाला धरून बसला. टॉवेलात पडल्या पडल्या मला माझीच लाज वाटली. हा माणूस रोज दार लोटून माझी तपासणी करायचा ती कोणासाठी, हे मला तेव्हा कळलं.

कोच त्याच्यावर खूप ओरडला म्हणे. शफीक एकच सांगत राहिला, सत्तावीस नंबरचा टोप मी पास केलेला नाही. दुसरा टोप ऑस्टिनला बसेना. आमचा संघ सहा गुणांनी हरला. ऑस्टिन शफीककडे न बघता निघून गेला.

शनिवारी जुलियाने त्याच्या डोक्याची तपासणी करवली. आत रक्त साकळलं होतं. आणखी एक धक्का बसला असता तर मुलगा हाती लागला नसता, असं डॉक्टर म्हणाले. कोचने शफीकची माफी मागितली, पण शफीकचं तिकडे लक्ष नव्हतं.

तीन आठवड्यांनी ऑस्टिन खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. मी फळीवरून पाहत होतो. बराच वेळ तो शब्द जुळवत होता.

"काका," तो म्हणाला, "तुम्ही बरोबर केलं."

मराठी ऐकून शफीकचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने पोराला दंडाला धरून स्टुलावर बसवलं.

"आज वार कुठला? फायनल कोण जिकला? माजं नाव काय?"

"मंगळवार," ऑस्टिन हसत म्हणाला. "ते जिंकले. शफीककाका."

तरी शफीकने त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि दोन्ही डोळे नीट पाहिले. मगच तो रडला.

मित्रांनो, मी कवटी वाचवतो. कवटीच्या आत काय हललं ते मला दिसत नाही. म्हणून एवढंच मागणं आहे, आपल्या माणसाने मनासारखं उत्तर दिलं तरी खूश होण्याआधी त्याला आणखी एकदा विचारा. त्याला राग आला तर येऊ द्या.